मावशीवरचा ठराव

आमच्या चर्चच्या मंडळीला पाळक, म्हणजे पाद्री, नव्हता त्या दोन वर्षांत माझी आध्यात्मिक वाढ झाली, असं लोक म्हणत. मीही म्हणत असे. एकदा तर महिलांच्या मेळाव्यात उभं राहून मी तशी साक्ष दिली आणि समोरच्या बायकांनी डोळे पुसले. ती साक्ष आठवली की आज स्वतःच्या कानाखाली एक वाजवावीशी वाटते.

महाडमध्ये तेव्हा आम्ही ख्रिस्ती म्हणजे जेमतेम अठरा घरं. बहुतेक सगळी नोकरीसाठी नगर-जालन्याकडून आलेली. कुणी शाळेत, कुणी सरकारी दवाखान्यात, बाकीचे एमआयडीसीतल्या कारखान्यांत. मी शाळेत शिकवत होते आणि नवरा कारखान्यात होता. चर्च म्हणजे कौलारू लांबट खोली, एका बाजूला पुरुषांचे बाक, दुसऱ्या बाजूला बायकांचे. भिंतीवर कमरेइतक्या उंचीला पुराच्या पाण्याची रेघ होती, ती कितीही चुना मारला तरी पुन्हा वर यायची. कारभार बघायला पाच जणांची पंच कमिटी, त्यात बाई मी एकटीच. अक्षर चांगलं म्हणून मला चिटणीस केलं. बायकांच्या बाजूला प्रभुभोजनाचा ट्रे फिरवायला बाई हवी होती, म्हणून तेही काम माझ्याकडे आलं.

प्रभुभोजन म्हणजे महिन्याच्या पहिल्या रविवारी पावाचा एक छोटा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. येशूच्या मरणाची आठवण म्हणून ते सगळ्यांनी मिळून घ्यायचं. बाहेरच्या माणसाला त्यात विशेष काही वाटणार नाही. पण आमच्यात ज्याला ते मिळत नाही, तो भर पंगतीतून उठवलेला.

हा रस मावशी करायची. सगळे तिला मावशीच म्हणत. पोलादपूरच्या सरकारी दवाखान्यात ती आया होती, नवरा लवकर गेलेला, मुलगी एक. द्राक्षं आमच्याकडे कुठली मिळायला? मावशी शुक्रवारी काळ्या मनुका कोमट पाण्यात भिजत घालायची, शनिवारी हाताने कुस्करून धुतलेल्या फडक्यातून गाळायची, एक उकळी काढायची आणि रविवारी पहिल्या एसटीने किटली मांडीवर धरून महाडला यायची. वाटेत एक थेंब सांडलेला मी कधी पाहिला नाही.

तिच्या मुलीने तुडीलकडच्या एका मुसलमान मुलाशी लग्न केलं. मुलगा सरळ होता. भाऊ कुवेतला, हा इथे स्वतःची जीप चालवायचा. मावशी निकाहाला गेली, पोटभर जेवली, आणि परत आल्यावर तिने यातलं काहीही लपवलं नाही. उलट बिर्याणी कशी झाली होती ते चर्चच्या पायरीवर बसून सांगितलं. दुसऱ्या आठवड्यात पंच कमिटीने तिला बोलावून विचारलं, पश्चात्ताप करतेस का?

ती म्हणाली, “पोर माजी हाय. सुखात हाय. आता पस्तावा कशाचा करू, तुमीच सांगा.”

आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही. म्हणून आम्ही ठराव केला. विवाहाला संमती दिल्याबद्दल मावशीला पश्चात्ताप होईपर्यंत प्रभुभोजनापासून दूर ठेवावं. मी तो आधी कच्चा लिहिला, मग पक्का लिहिला, पाळकसाहेबांनी सही केली.

आणि रस? रस तीच करत राहिली. तिला कुणी थांबवलं नाही, कारण दुसऱ्या कुणाला तो जमत नव्हता, आणि तिने स्वतःहून सोडला नाही. महिन्याच्या महिन्याला ती किटली आणून माझ्या हातात द्यायची. मी रस छोट्या ग्लासांत ओतायचे. मग ती बायकांच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसायची. मी ट्रे घेऊन तिच्या बाकाशी आले की ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची आणि मी ट्रे तिच्या डोक्यावरून पलीकडच्या बाईकडे न्यायचे. असं सात वर्षं चाललं. मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. ट्रे तिरका होऊ नये याकडे माझं सगळं लक्ष असे.

मग पाळकसाहेब निवृत्त झाले. निघण्याच्या आठवड्यात त्यांनी मला घरी बोलावलं. पाळकीणबाई स्वयंपाकघरात भांडी पोत्यात भरत होत्या. साहेबांना दमा होता, ते वेताच्या मोड्यावर बसून थांबत थांबत बोलले.

“बाई, मावशीचा ठराव मागे घेऊन टाका. या रविवारी माझ्या हाताने तिला भोजन देतो आणि मग जातो. माझं चुकलं होतं.”

मी म्हणाले, “त्यासाठी सभा घ्यावी लागेल, साहेब. दोन पंच गावाला गेलेत.”

“तुम्ही लिहा. मी सही करतो.”

“ते नियमात बसत नाही.”

ते “बरं” म्हणाले. मंगळवारी त्यांचा ट्रक नगरला गेला. त्यांनी माझ्यावर न सोपवता स्वतःच का केलं नाही, असं पुढे मी मनात पुष्कळदा विचारलं. दोष वाटून घ्यायला कुणीतरी जोडीला लागतं. पण खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी जाताना मी खूश होते. पाळकाला नियम दाखवला म्हणून खूश.

नवा पाळक लवकरच पाठवतो, असं वरून पत्र आलं. सहा महिन्यांनी दुसरं आलं, त्यातही लवकरच होतं. तोपर्यंत पनवेलचे एक तरुण पाळक तीन महिन्यांतून एकदा येऊन प्रभुभोजन देतील, असं ठरलं. इकडे एमआयडीसीतले दोन कारखाने बंद पडले आणि माणसं पुण्याला, पनवेलला पांगू लागली. अठरा घरांची अकरा झाली. पेटी वाजवणारा गेला तेव्हा आम्ही पेटीशिवाय गायला लागलो. सूर इतके भरकटत की मलाच हसू यायचं, आणि मग रडूही.

रविवारचा उपदेश पंचांनी आळीपाळीने करायचा होता. पुरुषांच्या पाळीला बरोबर कुणाला ताप यायचा, कुणाची रात्रपाळी लागायची. राहता राहिले मी. पहिल्यांदा सगळं कागदावरून वाचलं. दुसऱ्यांदा कमी. चौथ्या-पाचव्या वेळी मला पुलपिटाची, उपदेशाच्या त्या उंच जागेची, चटक लागली. मी पहाटे उठून वाचन करू लागले, वही भरून टिपणं काढू लागले, उपास धरू लागले. शाळेत माझा आवाज खाली आला, घरात नवऱ्याशी भांडणं कमी झाली. हे सगळं खोटं नव्हतं, आणि म्हणूनच मी फसले. देव जवळ आल्यासारखा वाटत होता. तो माझ्याच बाजूने उभा आहे, माझ्याच अक्षरात लिहितो, असंच मी धरून चालले होते.

एकदा मी क्षमेवर बोलले. लोकांनी फार वाखाणलं. बाहेर पावसाने चिखल झाला होता आणि मावशी पायरीशी वाकून चपला शोधत होती. मला बघून म्हणाली, “ब्येस बोललीस गो.” टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला टोमणे मारता यायचे नाहीत.

पनवेलच्या पाळकांकडे मी एकदा तिचा विषय काढला होता. ते म्हणाले, कायमचा पाळक येईल तो बघेल, मी पाहुणा माणूस. मला ते पटलं. त्या दोन वर्षांत सात-आठदा प्रभुभोजन झालं. प्रत्येक वेळी मावशीची किटली आली आणि प्रत्येक वेळी मी ट्रे तिच्या डोक्यावरून नेला. फरक एवढाच की आता रस ओतणारी मी, ट्रे फिरवणारी मी आणि उपदेश करणारीही मीच.

दुसऱ्या वर्षी जुलैत मावशीचा जावई शाळेच्या व्हरांड्यात येऊन उभा राहिला. रेनकोटातून पाणी निथळत होतं. म्हणाला, “बाई, आईंनी तुम्हाला बोलावलंय. डॉक्टर म्हणतात दोन-तीन दिवस. मुंबईला चला म्हटलं, तर नाही म्हणतात.” मी हेडमास्तरांना सांगून तशीच त्याच्या जीपमध्ये बसले.

पोलादपूरच्या त्या खोलीत मावशीला उशांना टेकवून बसवलं होतं. पाय सुजून तकतकीत झाले होते, श्वास तोंडाने चालला होता. मुलगी सासरहून येऊन चार दिवस तिथेच राहिली होती. मावशीने हाताने खूण केली तशी तिने फळीवरची एक वाटी खाली घेतली आणि झाकण काढून मला दाखवली. आत रस होता.

मावशी म्हणाली, “पोरीनं कुस्करल्या मनुका. मी सांगत गेले तशा. आता मला दे गो.”

मला कळलं ती काय मागते आहे. तरी मी विचारलं, “काय देऊ?”

“परभूचं जेवन. सात वर्सं, नि वर ही दोन, नऊ वर्सं झाली. तसंच नको जायला.”

“मावशी, मला अधिकार नाही. दीक्षा झालेला पाळक लागतो त्याला.”

“दोन वर्सं पुलपिटावरनं बोलतंस, तवा कुनी दिलान अधिकार?”

मी गप्प बसायला हवं होतं. पण मी चिटणीस होते. मी म्हणाले, “आणि तुमच्यावर ठराव आहे, मावशी.” मुलगी दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, वाटीवर झाकण ठेवलं फक्त.

मावशीने डोळे मिटले. “मंग आन कुनाला तरी. पन लवकर आन.”

एसटीडी बूथवरून पनवेलला फोन लागेना, पावसाने लाइनी गेल्या होत्या. मी तिथेच उभी राहून काय करावं याचा विचार करत होते. जावई म्हणाला, “चला, जाऊन घेऊन येऊ.” ज्याच्यामुळे हा ठराव झाला, तो माणूस माझ्यासाठी जीपचं दार उघडून उभा होता. “पुढे बसा बाई, मागे पाणी गळतं.” संध्याकाळी आम्ही पनवेलला पोहोचलो. पाळक भला माणूस, लगेच तयार झाले, पण वाटेत दरड आल्याचं ऐकलं म्हणून उजाडताच निघायचं ठरलं. जावई त्यांच्या व्हरांड्यात चटईवर झोपला. मी आत पलंगावर.

पहाटे निघालो. वडखळ ओलांडल्यावर पाळकांनी विचारलं, “ठराव मागे घेतलाय ना? कागद आहे?”

“नाही.”

“मग निदान तीन पंचांच्या सह्या हव्यात, बाई. मला वर विचारतील. समजून घ्या.”

इथे मी म्हणू शकले असते की कागद नंतर करू. एक शब्द जोर लावून बोलले असते तर त्यांनी ऐकलं असतं, इतके ते मऊ होते. मी म्हणाले, “बरोबर आहे.” एवढंच नाही, मला हायसं वाटलं. काय करायचं ते आता मला ठाऊक होतं. मी पिशवीतून वही काढली.

महाड जवळ आलं तेव्हा त्या सगळ्या प्रवासात जावई एकदाच बोलला. “बाई, आधी आईंकडे जाऊ या. सह्या मग घ्या.”

“असं होत नाही,” मी म्हणाले.

पहिले पंच निवृत्त कारकून. चष्मा सापडेना. सापडल्यावर त्यांनी सगळं वाचलं आणि ‘मागे घेण्यात येत आहे’च्या आधी ‘दयेने’ असा शब्द घालायला सांगितला. वरून घातला असता तर चाललं असतं. पण खाडाखोड झालेला ठराव मला कसा चालेल? मी त्यांच्या टेबलाशी बसून पूर्ण कागद पुन्हा लिहिला. बाहेर जीपचं इंजिन चालू होतं, त्याचा आवाज आत येत होता. शेवटच्या ओळीत शाई जरा पसरली, तर मी टीपकागद मागितला.

दुसरे पंच बिरवाडीला कारखान्यात पहिल्या पाळीला. वॉचमन म्हणाला, पाळी सुटल्याशिवाय आतल्या माणसाला बोलावता येत नाही, नियम आहे. मी त्याच्यावर चिडले. बाई मरायला टेकलीय आणि तू नियम काय सांगतोस, असं मी त्याला फाटकावर ओरडून म्हणाले. ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. मी जीपमध्ये येऊन बसले. पाळक डोळे मिटून प्रार्थना करत होते. जावई स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. मी म्हणायला हवं होतं, सोड सही, चल. तेव्हाही वेळ होता. मी तो शब्द दातांपर्यंत आणला आणि गिळला, कारण माझी धरून दोन सह्या झाल्या होत्या आणि एकच राहिली होती. सव्वा तास आम्ही त्या फाटकाशी बसलो.

पुढचं आत्ताच सांगून टाकते, कारण शेवटी सांगण्यासारखं ते नाही. वर्षभरात नवा पाळक आला, मंडळी पुन्हा सुरळीत झाली. मी चिटणीसपद सोडलं, पुलपिटावर पुन्हा चढले नाही. पुष्कळांना वाटलं, मी थंड पडले. पहाटेचं वाचन चालू आहे, पण वहीत टिपणं काढत नाही. प्रार्थना करताना आधी बराच वेळ बोलताच येत नाही, लाज वाटत राहते. देव तेव्हा जितका जवळ वाटायचा तितका आता वाटत नाही. मात्र तो आहे तिथे आहे आणि मी कुठे आहे हे मला नीट दिसतं. याला वाढ म्हणतात का, मला माहीत नाही. म्हणत असतील तर ती फार महाग पडली, आणि किंमत मी भरली नाही.

सही घेऊन आम्ही पोलादपूरला पोहोचलो तेव्हा खोलीच्या दारात शेजारच्या बायका बसल्या होत्या. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. अर्धा तास झाला होता. वरातीमागून घोडं म्हणतात, ते आम्ही. पाळकांनी पिशवीतून पुस्तक काढलं होतं, ते तसंच हातात धरून उभे राहिले.

मुलगी बाहेर आली. रडून झालेलं दिसत होतं. नवऱ्याच्या दंडाला हात लावून ती क्षणभर उभी राहिली, मग माझ्यासमोर आली.

“बाई, एक विचारायचं होतं. सकाळपासून आई दाराकडेच बघत होती. मग म्हणाली, तूच दे आता. मी म्हटलं, मी कशी देऊ, मी आता तुमच्यातली नाय. ती म्हणाली, माजी हायस ना? मग मी दिलं. भाकरीचा तुकडा आणि चमचाभर रस. पाळक म्हणतात ती वाक्यं लहानपणी ऐकून ऐकून येतात मला, ती बोलले. तिनं गिळलं, नि मग तासभर शांत होती.” ती थांबली. “चुकलं का काय माझं?”

पाळक आपल्या भिजलेल्या पायांकडे बघू लागले. जावई माझ्याकडे बघत होता. ठरावाचा कागद माझ्या पिशवीत होता, तीन सह्यांचा. मी म्हणाले, “नाही. काही चुकलं नाही.”

तिचा चेहरा जरा सैलावला. मग कपाळावर बारीक आठी आली. ती भांडत नव्हती, तिला खरंच कळत नव्हतं.

“मग काल तुम्ही का नाय दिलंत, बाई?”

मी आत गेले आणि मावशीचे पाय सरळ करायला खाली बसले. ते आधीच कुणीतरी सरळ करून ठेवले होते.